बटण कोणाच्या हातात

दुखरी कंबर घेऊन माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या तावडीतून सुटलेला एक माणूस अख्ख्या गारखेड्यात दाखवा, मी त्याला पुरणाचं जेवण घालीन. जाऊबाई फिजिओथेरपिस्ट. दवाखाना फक्त संध्याकाळचा, पण उपचार दिवसभर आणि न मागता. बाल्कनीत उभं राहून त्या रस्त्यावरच्या माणसांची चाल निरखायच्या आणि वरूनच ओरडायच्या, "काका, डावा गुडघा! वर या!" अनोळखी काका बिचारे खरंच वर यायचे. त्या दुष्काळी वर्षांत गारखेड्यात नव्या इमारती भराभर उठत होत्या आणि नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा. टँकर आला की बायका हंडे आणि कॅन घेऊन धावायच्या आणि त्यांच्यामागे जाऊबाई, पण रिकाम्या हातानं. "कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवा!" एका बाईनं वैतागून सांगितलं, "मॅडम, आधी पानी घिऊ द्या, मग वाकवा कसंबी." या समाजसेवेत स्वतःचं पाणी भरायचं राहून जायचं आणि माझे थोरले दीर बिनआंघोळीचे ऑफिसला जायचे.

जाऊबाईंचा खरा जीव होता एका मशीनमध्ये. साबणाच्या डबीएवढं मशीन, त्याला वायरी आणि वायरींच्या टोकांना चिकटपट्ट्या. पट्ट्या दुखऱ्या जागी लावल्या की हलका करंट सुटतो, मुंग्या येतात आणि दुखणं जरा मागं सरतं. ते कमरेला लावूनच त्या पोळ्या लाटायच्या. एकदा दिरांची मान अवघडली, तेव्हा त्यांना चहा पिताना पट्ट्या लावल्या आणि जोर जरा जास्तच वाढवला. खांदा उडाला, चहा पेपरवर. "बघा, स्नायू जागा झाला!" जाऊबाई आनंदानं म्हणाल्या. दीर म्हणाले, "झोपला होता तेच बरं होतं."

मी राहायला बजाजनगरला. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नववा महिना जवळ येईल तशी माझी झोप उडाली. मी भित्री नाही. पण पहिल्या बाळंतपणात टेबलावर पडल्यावर मला कोणी माणसात धरलं नव्हतं. ओरडले की नर्स गप्प करायची, गप्प राहिले की जोर लाव म्हणून खेकसायची. पुन्हा त्या खोलीत जायचं नाही, डॉक्टरबाईंकडे सरळ ऑपरेशन मागायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. हे बोलले फक्त जाऊबाईंपाशी.

त्या म्हणाल्या, "ऑपरेशन लागलं तर होईलच. पण नुसत्या भीतीपायी कशाला? मशीन लावू. खोटं सांगत नाही, कळा काही जाणार नाहीत. कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही. नाही झाला तर काढून फेक. पण कळ आली की बटण दाबून जोर वाढवायचा, ओसरली की कमी करायचा. निदान तुझ्या हातात काहीतरी राहील."

डॉक्टरबाईंनी परवानगी दिली, पट्ट्या फक्त पाठीला लावायच्या या अटीवर. अडचण आली ती फुलंब्रीहून, म्हणजे आमच्या सासूबाई आल्या. "पोटुशीला करंट लावता व्हय? लेकरू आत दचकंल ना! आम्ही काय बटनं दाबून लेकरं काढली?" जाऊबाईंनी वाद घातला नाही. "आत्याबाई, गुडघा करा इकडं," म्हणाल्या आणि पट्ट्या चिकटवल्या. सासूबाई डोळे गच्च मिटून बसल्या. मग एक डोळा उघडला. "अगं, मुंग्या येतात. लई गोड मुंग्या." दुपारभर त्यांनी मशीन परत दिलं नाही.

कळा सकाळी सुरू झाल्या. दुखलं का? दुखलंच. पण पाठीला पट्ट्या आणि मुठीत बटण घेऊन मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझी मी फिरत होते. गंमत म्हणजे ते बटण सगळ्यांनाच हवं होतं. नर्स म्हणाली, "द्या इकडं, मी दाबते." सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडं दे, मला हिच्या तोंडावरून समजतं." जाऊबाई मध्ये उभ्या राहिल्या. "नाही. दुखतंय तिला. बटण तिच्याच हातात राहील." आणि पुढची कळ आली तेव्हा न राहवून त्यांनीच हात पुढं केला. मी खेकसले, "वहिनी, हात मागं!" त्यांनी झटकन मागं घेतला. ऑपरेशनचं नाव मी काढलं नाही. शेवटी शेवटी बटणही सुटलं आणि मी ओरडले, चांगली घसा फोडून ओरडले. कोणी गप्प केलं नाही. भर दुपारी मुलगी झाली.

सासूबाई बाहेर भेटेल त्याला मशीनचं कौतुक सांगत होत्या. जाऊबाई माझ्याजवळ बसून वायरी गुंडाळत होत्या. मी सहज विचारलं, "वहिनी, तुमच्या बाळंतपणात याचा कितपत उपयोग झाला?"

"तेव्हा ना? पिशवीत होतं की मशीन. साडीच्या घडीत."

"मग?"

"आत्याबाई शेजारी बसल्या होत्या. हे काय काढलंस म्हणून विचारलं असतं, तर काय सांगावं ते सुचेना. नवीन होते गं मी."

वायरींचा चांगलाच गुंता झाला होता. मी पडल्या पडल्या एक टोक धरून ठेवलं आणि त्या दुसऱ्या टोकाकडून, मान खाली घालून, सावकाश गाठ सोडवत राहिल्या.