रुमालातली केळीची बाग

आमच्या बमरोलीच्या चाळीतला माझा शेजारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. बोलतो इतकं कमी, की दोघांचं मीच बोलून घेते. मुलांना अल्कोहोल शिकवायचे दिवस आले, की त्याचा रुमाल केळ्यांसारखा घमघमतो. विचारलं तर म्हणाला, "मावशी, त्या अल्कोहोलच्या वासाने ठसका लागतो, ॲसिडचा वास व्हिनेगरसारखा आंबट. दोन्ही एकत्र तापवले, की केळं."

त्याची माय खानदेशातल्या केळीच्या बागेत वाढलेली. बाग कधीच विकली, पण हल्ली ती मनाने तिथेच असते. 'घरी ने' म्हणते आणि जेवत नाही. परवा मी डोकावले, तेव्हाही ताट तसंच पडलं होतं. त्याने रुमाल तिच्या उशाशी ठेवला. तिने डोळे मिटले, आणि मलासुद्धा भिंतीपलीकडे पानं सळसळल्यासारखी वाटली.

"घड उतरवले का रे?"

"उतरवतोय, माय. तू जेवून घे."

तिने घास घेतला.

मी दाराशी हळूच म्हटलं, "अरे, फसवतोयस ना तिला?"

"बाग खोटी, मावशी. वास खरा. पिकल्या केळ्यात हाच असतो."

तेवढ्यात आतून आवाज आला, "त्या बाईलाही वाढ रे, सकाळपासून उन्हात राबतेय."

मी मुकाट्याने पदर खोचून जेवायला बसले.