माळवदावरची शेवटची दोन रोपं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वेडंवाकडं. कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं. शेजारच्या गोदाकाकू गेल्या त्याला महिना होत आला. चारचौघींत बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

त्या सकाळी भिंतीपलीकडून त्यांच्या मुलानं, नामदेवभावजींनी, हाक मारली. "वहिनी, आई बोलंना झाली. तुळशीचं पान हाय का घरात?" आमच्या वृंदावनात नुसत्या काड्या होत्या. विहिरी आटल्यामुळं धारूरच्या आमच्या आळीत यंदा कुणाचीच तुळस जगली नव्हती. आणि काकूंचं माळवद, घरावरचं मातीचं छत, तर दोन वर्षांपासून रिकामं होतं...

पूर्वी त्या माळवदावर पाय ठेवायला जागा नसे. फुटक्या घागरी, बूड गेलेले माठ, रॉकेलचे डबे, आणि प्रत्येकात काहीतरी लावलेलं. शेवंती, गुलबास, कोरफड, गवती चहा. निम्मी झाडं काकूंना नकोच होती, पण मोडलेली फांदी दिसली की त्या मातीत खोचायच्या. अखेर पाणी झिरपून खालची लाकडी तुळई कुजली. भावजी म्हणाले, "औंदा पावसात माळवद डोक्यावर येईल. दे समदं उकिरड्यावर फेकून."

"तूच जा उकिरड्यावर," काकू म्हणाल्या. "माझी झाडं घर बघून जातील."

आणि खरंच त्यांनी घरं बघितली. पाणी कोण घालणार, ऊन किती लागतं, सगळं विचारून मगच कुंडी द्यायच्या. मी ती शिडीवरून खाली आणायची. सोनाराच्या सुनेला त्यांनी गुलबास दिला नाही. ती फणकारली, "मलाच कावून न्हाई?" काकू म्हणाल्या, "तुझ्या दारात शेळी हाय. तिची न्याहारी करायला वाढवला का मी?"

शेवटी दोन रोपं उरली, बोटभर उंचीची, दिसायला सारखीच. एक तुळस, एक सब्जा. तुळस पाटलीणबाईंनी मागितली होती. काकूंनी अट घातली, "माझा जीव जाताना हिचंच पान तोंडात पडलं पाहिजे. एवढी वर्सं पाणी घातलंय." सब्जा अमीनाबीला हवा होता. ती आमच्या आळीतल्या पिंजाऱ्याची बायको. तिची लहान मुलगी वारली होती आणि त्यांच्यात कबरीवर सब्जा लावतात. काकू पान चुरगळून, हुंगून रोप ओळखायच्या. त्या दिवशी त्यांना पडसं झालं होतं.

त्याच वर्षी कार्तिकात पाटलांच्या अंगणात तुळशीचं लग्न लागलं. अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं यथासांग झालं. मग भटजींनी नैवेद्यावर ठेवायला पान तोडलं आणि नाकाशी नेलं. "पाटलीणबाई, देवाचं लगीन सब्ज्याशी लावलंत की!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काकू हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही अमीनाबीकडं गेलो. तिनं आम्हाला कबरीपाशी नेलं. तुळस गुडघ्याएवढी झाली होती. "तुमची हाय, काकू, घेऊन जावा," ती म्हणाली. "पण मुळं लई खोल गेलीत. पोरीच्या उशाला हाय."

काकूंनी वाकून बुडाची माती हातानं दाबली. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पाणी घालत जा." परतताना एवढंच बोलल्या, "माझं पान गेलं बघ..."

म्हणून भावजींनी हाक मारली त्या सकाळी मी एकटीच अमीनाबीच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याआधी कुणाच्या दारात काही मागायला गेल्याचं मला आठवत नाही. मी "काकू" एवढंच म्हणाले आणि ती अनवाणी कबरस्तानाकडं पळाली. ती तुळस हिरवी होती; तीन कोसांवरून आणलेल्या पाण्यातलं तांब्याभर ती रोज तिला घालत असे.

पान घेऊन आले तर भावजी उंबऱ्यात आडवे उभे. "कबरस्तानातलं?"

"काकूंच्या हातचं रोप हाय," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. ते बाजूला झाले. मी पान काकूंच्या जिभेवर ठेवलं, वर पाण्याचे थेंब सोडले. ओठ हलले, असं भावजी म्हणतात. मला तसं दिसलं नाही.

तेराव्यानंतर अमीनाबी काकूंचीच फुटकी घागर परत घेऊन आली. आत त्याच तुळशीच्या बियांचं बोटभर रोप होतं. भावजींनी एक पान चुरगळलं, हुंगलं, आणि घागर उचलून शिडी चढू लागले.

"पाणी झिरपंल," मी म्हणाले.

"झिरपू द्या, वहिनी. तुळई नवी हाय."