बाजू संपेपर्यंत

जपानमधल्या मोरिओका शहराच्या मागच्या गल्लीतल्या त्या जॅझच्या दुकानात बोलायला बंदी होती. यायचं, कॉफी घ्यायची, हवी ती रेकॉर्ड सांगायची आणि गप्प बसून ऐकायची. एका गिऱ्हाइकाला रेकॉर्डची एकच बाजू. फुमिए लग्न होऊन आली ती कप विसळायला. सुईला हात लावायची तिला परवानगी नव्हती. तुझे हात ओले असतात, असं नवरा तेत्सुओ म्हणायचा, आणि ते खरंही होतं. तो गेला तेव्हा तिने पहिल्यांदा हात कोरडे करून सुई टेकवली.

तेव्हापासून दर महिन्याला, तो गेला त्या तारखेला, ती वर पितरांच्या देव्हाऱ्यात भात ठेवायची आणि खाली येऊन काउंटरच्या टोकाच्या त्याच्या खुर्चीपुढे कॉफी. मग त्याची आवडती बाजू लावायची. सूर लागले की खुर्चीची गादी हळूच दबायची. बाजू संपून सुई उचलली की वर यायची. फुमिएने हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय? येत होता, वेळेवर जात होता.

या हिवाळ्यात तिचे गुडघे कामातून गेले. मुलगी रिहो सेंदाईहून आली, जुन्या रेकॉर्डी घेणाऱ्याशी बोलली आणि सगळ्या रेकॉर्डी खोक्यांत भरून वर चिकटपट्टी मारली. दुपारी तो न्यायला येणार होता. आईचं तोंड उतरलेलं बघून तिने समजूत घातली, की फोनमध्ये हे सगळं आहे आणि खरखरसुद्धा नाही. आज बाबांची तारीख म्हणून तिने फोन मोठ्या स्पीकरना जोडला आणि बाबांचीच रेकॉर्ड लावली.

गादी दबली.

त्या बाजूचं शेवटचं गाणं वाजून झालं. फुमिए सवयीने उठली, पण उचलायला सुईच नव्हती. लगेच पुढचं सुरू झालं, मग त्याच्या पुढचं, मग फोनने आपल्याच मनाने निवडलेला कोणी अनोळखी गायक. कॉफी गार झाली. रिकामी खुर्ची करकरली, बसून बसून अवघडलेल्या माणसाखाली करकरते तशी.

"बंद कर ते," फुमिए म्हणाली.

रिहोने बंद केलं. गादी तशीच दबलेली.

"आई, ती खुर्ची..."

"बाबा आहेत. तू त्यांना उठूच दिलं नाहीस."

रिहो हसायला गेली. तेवढ्यात गादीतला खळगा जरासा सरकला, आणि तिचं हसू तिथेच राहिलं.

फुमिएने सुरीने पट्टी कापली, रेकॉर्ड शोधून काढली, हात अ‍ॅप्रनला दोनदा पुसले. दोघी बाजू संपेपर्यंत उभ्या राहिल्या. शेवटी नुसती खरखर उरली. फुमिएने सुई उचलली आणि गादी वर आली.

बाहेर बर्फात गाडी थांबल्याचा आवाज झाला.

"बाबांची तेवढी ठेवू," रिहो कुजबुजली. "बाकीच्या देऊन टाकू ना?"

"त्या माणसाला परत पाठव. गेलेल्या गिऱ्हाइकांच्याही तारखा असतात. उद्या नुमाता सरांची आहे."

"ते कुठे बसायचे?"

"तुझा कोट ठेवलायस तिथे."

रिहोने कोट उचलला आणि ती दार उघडायला गेली.