बिनमुराळ्याची दिवाळी

बाळंतपण उरकून माहेराहून निघताना आई म्हणाली होती, "दिवाळीला मुराळी धाडते. लेकराची पहिली दिवाळी इथंच करू." मुराळी म्हणजे लेकीला सणाला न्यायला येणारं माहेरचं माणूस. तो आल्याशिवाय आमच्याकडं लेक उंबरा ओलांडत नाही. माझा मुराळी एकच, धाकटा भाऊ. आणि त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न झालेलं.

धनत्रयोदशीला कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्यानं मला बोलावणं धाडलं. पलीकडून भाऊ म्हणाला, "ताई, मला सासुरवाडीला जावं लागतंय. पहिला दिवाळसण हाय, न्हाई म्हणता येईना." नव्या जावयाचा दिवाळसण चुकवता येत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या वेळी माझ्याच आईनं ह्यांना पाटावर बसवून अंगठी घातली होती. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पण राग आला, लई राग आला. कुणावर, तेवढं कळेना.

परळीच्या थर्मलच्या क्वार्टरात आम्ही तिघं. बाकीचे सणाला गावाकडं गेलेले आणि त्यांच्या पाळ्या ह्यांच्या गळ्यात. वीज काय दिवाळी बघून थांबते का? शेजारच्या दोन्ही दारांना कुलुपं होती. सकाळी काढलेली रांगोळी दुपारपर्यंत राखेनं करडी व्हायची.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी हे पहाटेच कामावर गेले. लेकराला उटणं लावलं, न्हाऊ घातलं, नवं झबलं चढवलं, आणि निरांजन लावल्यावर लक्षात आलं की ओवाळायला दोघी लागतात. एकीनं धरायचं, दुसरीनं ओवाळायचं. पाच महिन्यांचं पोर, त्याला अजून बसता येईना. उशांना टेकवलं तर एका अंगाला कलंडलं. मांडीवर घ्यावं तर ताट कोण धरणार? शेवटी निरांजन लांब ठेवलं आणि रिकाम्या हातानंच ओवाळलं. ते हसलं. मी मात्र ओक्साबोक्शी रडले. एवढं एकटं मला बाळंतपणाच्या कळांतसुद्धा वाटलं नव्हतं.

रात्री जेवताना ह्यांना म्हणाले, "माझी मी जाऊ का?"

"एकटी? मुराळ्याबिगर? लोक म्हणतील, माहेरी हिला कुणी विचारीना."

"विचारीनातच की," मी म्हणाले. ताटावरून उठताना हे म्हणाले, "भाऊबीजेची गाडी बघतो."

भाऊबीजेला सकाळी ह्यांनीच मला एसटीत बसवून दिलं आणि ते तसेच पाळीला गेले. गाडीत जिकडंतिकडं बहिणी आणि त्यांचे मुराळी. मी लेकराला पदराखाली घेऊन खिडकीकडं तोंड करून बसले. तेलगावला गाडी बदलली आणि दुपारी माजलगावला उतरले.

आई दारातच होती. लेकराला घ्यायला हात पुढं करायच्या आधी तिनं माझ्या मागं रस्त्यावर बघितलं.

"एकलीच? कुणी आणून सोडलं?"

"कुणी न्हाई."

तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, लेकराला छातीशी धरलं, मुके घेतले. आत गेल्यावर मात्र हळूच म्हणाली, "कुणी इचारलं तर सांग, भावानं आणून सोडलं अन् तसाच सासुरवाडीला गेला."

मला तिथूनच माघारी फिरावंसं वाटलं. ज्या घरासाठी चार दिवस जीव टांगणीला लावला, तिथं पाय ठेवताच खोटं बोलायची पाळी.

हातपाय धुवून होतात न होतात तोच शेजारच्या काकू आल्या. "आलीस का बाय! मुराळी कोण गेलतं?"

आई चुलीपुढून माझ्याकडं बघत होती. मी लेकराला उचलून काकूंपुढं धरलं.

"ह्यो काय. ह्यानंच आणलं मला."

"लई शाणा मुराळी हाय," काकू म्हणाल्या आणि त्याचा गालगुच्चा घेऊन हसत हसत गेल्या.

आई हसली नाही. माझ्याकडं पाठ करून तिनं चुलीत लाकूड सारलं. मग तशीच म्हणाली, "फुडच्या साली मीच येते न्यायला."

"ये," मी म्हणाले. आईनं मुराळी होऊन लेकीच्या दारात जायचं असतं का, ते दोघींपैकी कुणीच बोललं नाही.