मिशी आणि पामेरियन

सातपूरची फर्स्ट शिफ्ट सुटली की समोरच्या बिल्डिंगमधले मामा पामेरियन फिरवायला निघायचे. त्यांचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. धिप्पाड देह, पिळदार मिशा आणि साखळीला कापसाच्या बोळ्याएवढं कुत्रं! आम्ही कट्ट्यावरचे खुशाल हसायचो.

एकदा मी म्हटलंच, "मामा, तुम्हाला अल्सेशियन शोभला असता. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणलाय तसा."

"मळ्यात लय दांडगी पाळली. इथं घर बघून आणलं, मिशी बघून नाय."

सेक्रेटरींचा अल्सेशियन वन रूम किचनच्या गॅलरीत दिवसभर रडायचा. शेवटी तो हरसूलला मेव्हण्याच्या शेतावर धाडावा लागला.

दिवाळीत सेक्रेटरी छातीशी पामेरियनचं पिल्लू धरून कट्ट्यापाशी आले. "मामा, याला खायला काय घालायचं हो?"

मामांनी आधी मिशीला पीळ दिला, मगच उत्तर दिलं.