लळा नको म्हणून

माझी धाकटी बहीण नर्स आहे, आणि घरीसुद्धा ती नर्सच असते. पाहुणा आला तर आधी त्याचे पाय सुजलेत का ते बघते आणि मग बसा म्हणते. आमचे मेहुणे लिफ्ट दुरुस्त करतात. कुठेतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की त्यांचा फोन वाजतो आणि ते भरल्या ताटावरून उठून जातात. अशा दोन माणसांना मुलगी झाली. कागदावर तिचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण मी तिला ठमी म्हणते आणि आता सगळेच म्हणतात.

बाळंतपणाची रजा संपत आली तशी ठमीला सांभाळायचं कुणी, हा प्रश्न दारात येऊन बसला. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी, त्यामुळे माझं नाव आपोआप बाद झालं. उरले दोन मार्ग. दिवसभरासाठी एकच बाई ठेवायची, नाहीतर ड्यूटी असेल तशा तासांवर येणाऱ्या मुली बोलवायच्या. मेहुणे बाईच्या बाजूचे होते. म्हणाले, “एकच माणूस असलं की निदान कळतं तरी, कुणावर चिडायचं ते.”

म्हणून बाई आल्या. पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या, मोजकं बोलणाऱ्या. आल्या आल्या हात धुतले आणि ठमीसमोर जमिनीवरच बसल्या. अले अले नाही, टाळ्या नाहीत, खुळखुळा नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चहा होईस्तोवर ठमी त्यांच्या खांद्यावर झोपून गेली होती, तोंड उघडं टाकून, अगदी जन्मापासूनची ओळख असल्यासारखी. धाकटीनं तिला अलगद उचलून पाळण्यात ठेवलं.

बाई गेल्यावर मी म्हटलं, “चला, सुटला प्रश्न.”

“नको त्या,” धाकटी म्हणाली.

“का गं? काय वाईट दिसलं तुला?”

“काहीच नाही. फार चांगल्या आहेत. लळा लागेल तिला.”

मी कपाळाला हात लावला. बाई वाईट निघेल म्हणून लोकांची झोप उडते, आणि ही चांगली निघेल म्हणून घाबरली होती.

पण तिचं हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं. ती ज्या वॉर्डात काम करते तिथे माणसं महिनोन् महिने पडून असतात. नोकरीच्या सुरुवातीला तिथे एक आजोबा होते. ते फक्त हिच्याच हातून खायचे. हिलाही कौतुक वाटायचं, सगळ्यांना सांगत सुटायची. मग ही आजारी पडून रजेवर गेली, आणि आजोबांनी तोंड मिटलं ते मिटलंच. शेवटी नळीनं भरवावं लागलं. परत आल्यावर मेट्रननं सगळ्यांसमोर हिला झापलं. पेशंटला आपली सवय लावणं म्हणजे सेवा नाही, आपली हौस आहे, असं म्हणाली. तेव्हापासून त्या वॉर्डात कुणाही नर्सला एका खाटेशी फार दिवस ठेवत नाहीत. धाकटीला तो नियम इतका पटला की तिनं तो उचलून थेट घरी आणला.

खरं तर दुसरंही एक कारण होतं, आणि ते तिनं मला एकदाच, भांडी पुसता पुसता सांगितलं. “दिवसभर ती त्या बाईंपाशी असणार. मी येणार संध्याकाळी दमून. मग ताई, आई कोण, हे तिनं कशावरून ठरवायचं?” मी म्हटलं, “वेडी आहेस.”

तर मुली आल्या. तीन होत्या, आळीपाळीनं यायच्या. परीक्षा आल्या की एक जायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण मला मेलीला त्या शेवटपर्यंत वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. दारातच धाकटी त्यांना ओव्हर द्यायची. म्हणजे ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटचं सगळं सांगते ना, तसं. दूध घेतलं, शी झाली, दात येतोय, डाव्या कुशीवर झोपवा. संध्याकाळी मुलगी तशीच ओव्हर हिला परत द्यायची. मुलगी बदलली तरी काम अडायचं नाही. धाकटीला याचा फार अभिमान होता.

आणि ठमी रडायची नाही. आई निघाली तरी नाही, आई आली तरी नाही. समोर हात आले की ती आपले हात वर करायची, आणि उचलून घेतलं की गप्प राहायची. एकदा पार्सलवाला दारात खोकं पुढे करून उभा होता, तर तिनं त्यालाही हात केले. तो बिचारा खोकं सांभाळू की पोर, अशा गोंधळात पडला. आम्ही हसलो. शेजारपाजारचे म्हणायचे, किती शहाणं बाळ, कुणाकडेही राहतं. धाकटी म्हणायची, “सवयच तशी लावलीय.” मलाही ते खरंच कौतुकाचं वाटायचं.

ठमी चालायला लागली त्यानंतरची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. आम्ही दोघी तिला घेऊन बागेत गेलो होतो. ती बाकाला धरून उभी होती, पाय घसरला आणि बाकाच्या कडेवर तोंड आपटलं. ओठ फुटला. रक्त यायला लागलं. धाकटी हात पुढे करून खाली बसली. मीही वाकले. पलीकडून एक बाई कुत्र्याची साखळी टाकून धावत आली. ठमी भोकाड पसरून रडत होती, आणि रडता रडता तिनं आम्हा तिघींकडे बघितलं. मला वाटलं, आता झेप घेईल आईकडे. ती त्या कुत्रेवाल्या बाईकडे गेली. तिच्या गळ्यात पडली आणि तिथेच शांत झाली.

धाकटीचे हात तसेच पुढे होते.

मग ते तिनं खाली घेतले, पर्समधून रुमाल काढला, परक्या बाईच्या खांद्यावरच ठमीचा ओठ दाबून धरला. दात हलतोय का बघितलं. “टाका नाही लागणार,” असं वॉर्डातल्या आवाजात म्हणाली. बाईंचे आभार मानले. त्यांच्या कपड्यावर डाग पडला होता, त्याबद्दल माफी मागितली. परत येताना मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “ती बाई जवळ होती ना, म्हणून.”

“जवळ मी होते,” धाकटी म्हणाली.

त्यानंतर ती रडली नाही, चिडली नाही, मेहुण्यांशी भांडलीही नाही. ड्यूटीवर जायची, यायची, जेवायची. काय विचारलं की बरोबर उत्तर द्यायची. भूल दिलेल्या माणसाशी बोलावं तसं वाटायचं मला. ठमीला मांडीवर घेऊन बसायची आणि ठमीही बसायची. दोघींपैकी कुणाचीच काही तक्रार नव्हती. एक दिवस तिनं त्या पहिल्या बाईंना फोन केला.

त्या आल्या तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी सरळ विचारलं, “तेव्हा नको म्हणालात. आता कसं काय?”

“तिला कुणाची तरी ओढ लागायला हवी,” धाकटी म्हणाली. “कुणाचीही.”

बाईंनी ठमीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “माझी लागली, तर माझ्यासाठी रडेल ती. तुमच्याकडे यायची नाही. मग मला बोल नको.”

“नाही लावणार.”

मुली बंद झाल्या. बाई रोज येऊ लागल्या. दारातली ओव्हर संपली, कारण बाईंना काही सांगावं लागत नसे. मी अधूनमधून विचारायची, काय म्हणते ठमी? “ठीक,” एवढंच उत्तर यायचं. असा एक ऋतू गेला. मी विचारायचंही सोडून दिलं.

आणि मग एका संध्याकाळी दुकानात गर्दीच्या वेळी तिचा फोन आला.

“आज रडली,” ती म्हणाली.

“कोण? पडली का पुन्हा?”

“नाही गं. बाई घरी जायला निघाल्या. मी हिला घ्यायला गेले तर येईना. त्यांना घट्ट धरून बसली. मला ढकललं. तोंडावर मारलं मला. त्या गेल्या तर दारावर थापा मारतेय. ऐक.”

तिनं फोन तिकडे धरला. पलीकडे ठमी घर डोक्यावर घेत होती. इतकं जोरात रडता येतं तिला, हे मला माहीत नव्हतं.

“मग बरं झालं की,” मी चाचरत म्हटलं. “हेच हवं होतं ना तुला?”

“हो. हेच.”

“मग?”

“ताई,” ती म्हणाली, “माझ्याकडे आलीच नाही गं ती.” आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा धाकटीला रडू फुटलं. फोनवर दोघींचं रडणं एकात एक मिसळलं, आणि चष्म्याचा नंबर तपासायला बसलेल्या गिऱ्हाइकाला मी हातानंच जरा थांबा म्हटलं.