रुमालाखालचा हात

मॅट्रिकची परीक्षा संपली आणि मी कॉमर्सला जाणार, असं घरात जाहीर केलं. शेवगावात तेव्हा मुलीनं कॉमर्स करायचं म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही फारसं नव्हतं. गणिताच्या सरांनी तयारी नेमून दिली होती. शेकडेवारी आणि व्याजाची गणितं घोटायची, वर्तमानपत्रातलं बाजारभावाचं पान वाचायचं, कॉलेजात सगळं इंग्रजीत चालतं म्हणून रोज थोडे शब्द पाठ करायचे. मी ते सगळं इमानेइतबारे करत होते.

वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, जनावरांच्या बाजारात दलाल होते. त्यांना ही तयारी म्हणजे पोरखेळ वाटे. व्यापार पुस्तकात नसतो. माझ्याबरोबर चार बाजार बघ, मग नगरला कॉलेजात पाठवायचं का ते ठरवू, म्हणाले. माझं कॉलेज त्या बाजारांवर टांगलं होतं, म्हणून मी गेले.

दुष्काळाचं वर्ष होतं. चारा नाही म्हणून लोक जनावरं विकायला आणत आणि घेणारे त्यांच्या हडकुळ्या पाठीवर थापा मारून हसत. भाव तोंडानं बोलायचा नाही, ही तिथली रीत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली समोरच्याची बोटं दाबायची; एक बोट म्हणजे शंभर, पंजा म्हणजे पाचशे. अण्णांनी ही बोटं मला घरी हौसेनं शिकवली होती, तेव्हा गंमत वाटली होती. बाजारात त्याच रुमालानं नाक पुसताना, तंबाखू झटकताना माणसं बघितली आणि ती गंमत तिथंच संपली.

तिसऱ्या बाजाराला एक बाई बैलजोडी घेऊन एकटीच आली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला. बाईमाणसानं रुमालाखाली हात घालायचा नसतो, म्हणून तिच्या बाजूनं अण्णांनी हात घातला. समोर बाहेरगावचा एक व्यापारी. बोटं दाबून झाली आणि अण्णांनी तिच्या कानात सहाशे सांगितले. ती नुसती बैलांकडे बघत राहिली.

मी पुढं झाले. मीही बाईच आहे, रीत मोडली तर मोडू दे, तिच्या वतीनं मी हात घालते, असं म्हटलं. व्यापाऱ्याला मजा वाटली. "हिला काय कळतंय," म्हणत त्यानं रुमाल टाकला आणि माझा हात धरला. ओला, चिकट पंजा. पाचशे. मग तीन बोटं. भाव सांगून झाल्यावरही त्यानं माझी बोटं सोडली नाहीत, चोळत राहिला. आजही ते आठवलं की मी हात धुते.

मी हात हिसकून घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "आठशे म्हणतोय हा."

मधले दोनशे ज्यांच्या खिशात जाणार होते, त्या अण्णांनी मान वळवली. व्यापाऱ्यानं रुमाल खांद्यावर टाकला. भाव उघड बोलला, सौदा मोडला, असं म्हणून तो चालता झाला. वर ही जोडी नासली म्हणून शेजारच्या व्यापाऱ्याला सांगून गेला. आठशे नाही, सहाशेही नाही. त्यानंतर त्या जोडीवर कुणी रुमालच टाकला नाही. सगळ्यांना ती बाई दिसत होती आणि सगळे दुसरीकडे बघत होते. त्या माणसांची इतकी घाण मला ना आधी कधी वाटली, ना नंतर. त्यात माझा बापही होता.

बाजार उठला तेव्हा बाईनं बैलांचे कासरे सोडले. माझ्याजवळ येऊन थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं.

"पोरी, मला लुटत हुते ते कळत हुतं मला. पर सहाशात घरी दाणं तरी आलं आसतं. आता ह्या बैलांना मी काय घालू?"

ती जोडी घेऊन तशीच गेली.

घरी पोचल्यावर अण्णा चपला काढून पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "हिला कॉलेजात घालू. नगर लई लांब हाय, ते बरंच हाय. बाजारात हिला परत न्यायची न्हाई."

आईला वाटलं, अण्णांच्या परीक्षेत पोरगी पास झाली. तिनं देवापुढं साखर ठेवली आणि चिमूटभर माझ्या तळहातावर दिली. मी ती तशीच मुठीत धरून मोरीपाशी गेले आणि हात धुऊन टाकला.